राजेळीचे ठोके

निमिषने आईच्या मनगटावर घड्याळ बांधलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव होता, तो सावित्रीने याआधी एकदाच पाहिला होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याने डॉक्टरचं काम केलं होतं, तेव्हा. त्या वेळीही गळ्यातली नळी पुठ्ठ्याची होती आणि पेशंट वर्गातलाच एक पोरगा होता.

“हे नुसतं घड्याळ नाही, आई,” तो म्हणाला. “वेळ दाखवणं हे याचं सगळ्यात छोटं काम.”

मग मोठी कामं सांगण्यात अर्धी दुपार गेली. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा आहे, तो कातडीखालचं रक्त बघतो. ठोके मोजतो, ऑक्सिजन मोजतो, झोप मोजतो, किती चाललीस ते मोजतो, पडलीस तर तेही कळवतो. हे सगळं घरातल्या मोबाइलवर जातं आणि मोबाइलवरून थेट बंगळूरला, निमिषच्या हातात. तिथे एक ठिपका दिसतो. आई ठीक असली की हिरवा, कुरकुर असली की पिवळा, आणि लाल झाला तर निमिषच्या फोनमध्ये भोंगाच वाजतो. हे घड्याळ बनवणाऱ्या हृदयसाथी नावाच्या कंपनीतच त्याची नोकरी होती. तिथे तो कसलासा प्रमुख होता आणि त्या पदाचं इंग्रजी नाव एका दमात म्हणून होत नसे.

“म्हणजे मी तिकडे बसून तुझं हृदय बघू शकतो,” निमिष म्हणाला.

इकडे येऊन बघायला तुझे कुणी पाय बांधलेत का, हे सावित्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेक वर्षाकाठी दोनदा येणार, त्यातला एक दिवस भांडणात कशाला घालवायचा, म्हणून तिने ते गिळलं. गिळलेल्या वाक्यांचा तिच्यापाशी बराच साठा होता.

घड्याळाला काही कारणच नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान विद्याधर बावखलावरचा पंप बंद करायला म्हणून गेले आणि त्या तळ्याच्या काठावरच आडवे झाले. सावित्री आत बोंबील साफ करत होती. पंप अजून का चालू आहे म्हणून ती बघायला गेली, तोवर सगळं आटोपलं होतं. निमिष मिळेल त्या विमानाने आला, आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा रडला, आणि ते रडणं खरं होतं. हे सावित्रीने कधीच नाकारलं नाही. पण रडून झाल्यावर त्याला भीती बसली, आणि निमिषची रीत अशी, की भीती वाटली की तो एखादी वस्तू आणायचा.

मे महिन्यात घड्याळ आलं ते अट घेऊनच. दिवाळीपर्यंत ठिपका हिरवा राहिला, तर आईने वसईच्या होळी गावातल्या आपल्या वाडीत खुशाल एकटं राहावं. नाहीतर सांजवेल. सांजवेल म्हणजे विरारच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी बांधलेलं म्हाताऱ्यांचं संकुल. त्याचं गुळगुळीत माहितीपत्रक निमिषने बरोबरच आणलं होतं. त्यात सगळे म्हातारे पांढरेशुभ्र दात काढून हसत होते, जणू कुणी खाली बसून त्यांच्या तळपायाला गुदगुल्या करत होतं. प्रत्येक खाटेशेजारी एक बटण होतं. प्रत्येक खोलीला गॅलरी होती आणि त्या गॅलरीतून समोरच्या खोलीची गॅलरी दिसत होती.

“आकडे खोटं बोलत नाहीत, आई,” निमिष म्हणाला. “आपण आकड्यांवर सोडू.”

सावित्रीला घर सोडायचं नव्हतं. तिचं म्हणणं एवढं एकच होतं, आणि ते समजून घ्यायला घड्याळ लागत नव्हतं. लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा तिला राजेळी केळ आणि मुठेळी केळ यांतला फरक कळत नव्हता. आता वाडीतली प्रत्येक केळ तिने स्वतः लावलेली होती. ज्या काठावर नवरा गेला, त्या काठावर रोज सकाळी चहाचा कप घेऊन उभं राहायची तिला सवय झाली होती, आणि ती सवय सांजवेलच्या गॅलरीत नेता येण्यासारखी नव्हती. तिथे गेले तर मी वर्षभरात मरेन, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मात्र हे निमिषला सांगून उपयोग नव्हता, कारण तो म्हणाला असता, तिथे तर चोवीस तास डॉक्टर आहे.

पहिले काही आठवडे म्हणजे नुसता छळ. लोंगराच्या, म्हणजे केळ्यांच्या घडाच्या, भाराने केळ कलू नये म्हणून तिने बांबूचा टेकू लावायला घेतला, की आलाच फोन.

“आई, हार्ट रेट बघ! काय करतेयस?”

“टेकू देतेय.”

“कुणाला?”

“केळीला. आणखी कुणाला देणार?”

“अगं, माणूस लाव ना त्याला!”

माणूस. वाडीत कामाला माणूस मिळणं म्हणजे मोबाइलवरून जेवण मागवण्याइतकं सोपं असावं अशी त्याची समजूत होती. कुंपण मोडून शेजारच्या शेळ्या मोगऱ्यात शिरल्या आणि सावित्रीने त्यांच्या मालकाचा उद्धार केला, तेव्हा ठिपका लाल झाला. निमिषने भर मीटिंगमधून फोन केला. गंमत म्हणजे रोज संध्याकाळी तो स्वतः व्हिडिओ कॉल करायचा तेव्हाही ठिपका पिवळा व्हायचा. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की आईला संध्याकाळचा काहीतरी त्रास होतो. तो त्रास कोण, हे ओळखायची अक्कल घड्याळात नव्हती आणि घड्याळवाल्यातही नव्हती.

“अजून एकदा लाल आला ना, तर मी दिवाळीची वाट बघणार नाही,” त्याने बजावलं. “सांजवेलला खोली सांगून ठेवलीय मी.”

आणि मग केळीचा चीक मदतीला आला.

केळीचा चीक लागला की कपडा गेलाच म्हणून समजावं. कितीही धुवा, काळा डाग जात नाही. म्हणून लोंगर उतरवायचा असला की वाडीतली माणसं अंगावर जुनेरं चढवतात आणि हातातलं असेल नसेल ते काढून ठेवतात. सावित्रीनेही एका सकाळी घड्याळ काढलं. ठेवायचं कुठे? पडवीच्या वाशाला राजेळीचा एक लोंगर पिकायला टांगलेला होता. त्याचा दांडा तिच्या मनगटाएवढाच होता. पट्टा त्याच्याभोवती आवळून ती कोयता घेऊन वाडीत गेली, आणि परत आली ती घड्याळ विसरूनच. उतरवलेले लोंगर वाहून आणले, हात राखेने घासले, जेवली, लवंडली, उठून फुलं खुडली.

संध्याकाळी निमिषचा फोन आला तो गहिवरलेला.

“आई, आज काय केलंस गं? आजचा ग्राफ बघून मला भरून आलं. इतकं शांत हृदय! एकदाही पिवळा नाही. मी ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवला.”

सावित्रीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे पट्ट्याचा वळ तेवढा होता. मग तिने पडवीकडे पाहिलं. लोंगर आपला निवांत लटकत होता.

“विश्रांती घेतली,” ती म्हणाली.

“अशीच घेत जा,” निमिष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम ते पुन्हा दांड्याला बांधलं आणि समोर पाट मांडून बसली. हिरवा दिवा लुकलुकला. थोडा वेळ घड्याळ विचारात पडलं. मग काचेवर आकडा उमटला, चांगला सत्तरच्या घरातला, ठणठणीत माणसाला शोभेल असा. उजेडाचा काहीतरी खेळ असणार. आकडा काढायचाच असं ठरवून बसलेल्याला तो केळीच्या दांड्यातही सापडतो. सावित्री आधी पोट धरून हसली. मग हसू ओसरलं आणि तिला संताप आला. ज्या यंत्राला बाई आणि केळ यांतला फरक कळत नाही, त्याच्या भरवशावर या शहाण्याने माझं घर टांगलंय! उंटावरून शेळ्या हाकणारे तिने पुष्कळ पाहिले होते. पण हा उंटावर बसून लोंगर हाकत होता आणि वर शेळीच्या तब्येतीचं कौतुक करत होता.

त्या दिवसापासून घड्याळ लोंगरालाच राहिलं. चार्जिंगला लावायचं तेवढं ती इमानाने लावी, मोबाइल जवळच्या कोनाड्यात ठेवी, आणि एक लोंगर पिकून संपला की घड्याळ दुसऱ्याला बांधी.

हे ठाऊक होतं फक्त प्रिस्काला. प्रिस्का कुंपणापलीकडची. माहेर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं, सासर इथलं. पापडीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि जिभेला तिच्या कोयत्यापेक्षा जास्त धार होती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला.

“अगं बाय! वयनी, ही केळ जिती हाय का काय?”

“माझ्यापेक्षा बरी आहे म्हणे. बंगळूरहून कळवलंय.”

“पन हे पाप नाय का?”

“माझं पाप आहे ना? मग तू पापं कबूल करायला कुमसाराला जाशील तेव्हा फादरना तुझंच सांग, माझं सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? फादर बोलतील, मना पन एक लोंगर दे.” प्रिस्का वाकून काचेत बघत राहिली. “वयनी, यो बोलतंय, ही केळ चालते पन!”

खरंच होतं. समुद्रावरचा वारा पडवीतून वाहिला की लोंगर झुले, आणि झुलला की घड्याळ पावलं मोजे. निमिषचा निरोप येई, ‘सकाळी सकाळी केवढी फिरलीस! कीप इट अप!’ पुढे एक पिवळा अंगठा. सावित्री तो अंगठा लोंगराला दाखवून येई.

पण या गमतीला एक काटा होता, आणि तो तिला हळूहळू टोचायला लागला. आधी निमिष रोज फोन करायचा; वैताग आणायचा, पण करायचा. मग एक दिवसाआड करू लागला. मग रविवारी. मग नुसते अंगठे. ठिपका हिरवा म्हणजे आई ठीक, आणि आई ठीक असली तर फोन कशाला करायचा? सावित्रीला हवं ते मिळालं होतं, तिला कुणी हलवत नव्हतं. आता तिला कुणी विचारतही नव्हतं. मधे चार दिवस ती तापाने फणफणली होती. प्रिस्काने पेज करून घातली. त्या चार दिवसांत बंगळूरहून दोन अंगठे आले.

भाद्रपदात विद्याधरांची तिथी होती. निमिष येणार होता. तिकीट काढलंय म्हणाला होता. आदल्या दिवशी निरोप आला की महत्त्वाची मीटिंग आहे, जमत नाही, सॉरी, तू दगदग करू नकोस. सावित्रीने दगदग केली. वडे केले, अळूची भाजी केली, खीर केली, पडवीतल्या लोंगराची पिकली फणी कापून पानावर केळं ठेवलं, आणि पान बाहेर ठेवून आली. मग मोबाइल समोर घेऊन बसली. बापाची तिथी आहे, फोन तरी करेल. दुपार गेली. प्रिस्का येऊन शेजारी बसली, वाल सोलत राहिली. दिवेलागण झाली तरी फोन वाजला नाही. सावित्री तेव्हा रडली, आणि भरपूर रडली. प्रिस्काने तिला रडू दिलं. सकाळी उठून बघते तो पडवीत लोंगराची आणखी एक फणी कुरतडलेली. रात्री वाघूळ शिरलं होतं आणि त्याने खाली सालींचा सडा घातला होता. तिने तो झाडला आणि कामाला लागली.

दसरा झाला आणि निमिषचा फोन आला. अंगठा नव्हे, फोन. सावित्रीला क्षणभर वाटलं, कुणी गेलं की काय.

“आई, तू आमची स्टार आहेस!” तो ओरडलाच. “माणिकपूरला मोठा कार्यक्रम ठेवलाय कंपनीने. वसई-विरारचे डॉक्टर, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळे येणार. मी बोलणार आहे आणि मी तुझ्यावर बोलणार आहे. तू फक्त पहिल्या रांगेत बसायचं. गाडी पाठवतो.”

“तू घरी उतरणार ना?”

“हॉटेलवर उतरतोय गं, तयारी असते. पण ऐक, सांजवेलचा विषय आता संपला. तुझे आकडे इतके सुंदर आहेत की मीच म्हणतो, तू आपल्या घरी राहा. कार्यक्रम झाला की ते माहितीपत्रक फाडून टाकू, बास?”

म्हणजे जिंकलीच होती की ती. एक संध्याकाळ तोंड मिटून हसऱ्या चेहऱ्याने बसायचं, एवढंच उरलं होतं. तिने नवी इरकल काढली, प्रिस्कालाही तयार व्हायला सांगितलं. घड्याळ तिने लोंगरावरच राहू दिलं आणि मोबाइल कोनाड्यात. ठिपका हिरवा असताना माझ्या हाताकडे कोण बघणार आहे, असं ती प्रिस्काला म्हणाली, आणि तसंच झालं. हॉलच्या दारात निमिषने तिला वाकून नमस्कार केला, मिठी मारली, तिचा फोटो काढला. मनगटाकडे त्याने पाहिलंही नाही.

हॉल भरला होता. पुढे डॉक्टर मंडळी, मागे म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या हातात फुकट मिळालेली पिशवी. सूत्रसंचालन विनी नावाची एक चुणचुणीत मुलगी करत होती. तिच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी होती. निमिष टाळ्यांच्या गजरात उभा राहिला. मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली.

“ही माझी आई,” निमिष म्हणाला.

सावित्रीने रेघेकडे पाहिलं. प्रिस्काने पदर तोंडात कोंबला.

निमिष चांगलं बोलत होता. बोलणं हा त्याचा जुना गुण. वडील कसे गेले ते त्याने सांगितलं, आणि सावित्रीने खरोखर डोळ्यांना पदर लावला. मग त्याने रेघ मोठी केली. पूर्वी आईचं हृदय कसं बेचैन होतं, घड्याळाने तिला कशी शिस्त लावली, ती आता कशी विश्रांती घेते, पहाटे कशी फिरते. डॉक्टर माना डोलवत होते. म्हाताऱ्या सावित्रीकडे वळून वळून बघत होत्या. ती ठरल्याप्रमाणे हसरा चेहरा धरून बसली. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण वाहू दे, तिला काय. उद्या सकाळी ती आपल्या बावखलावर असणार होती.

“आता तुम्हाला एक दिवस दाखवतो,” निमिष म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. “हा बाबांच्या तिथीचा दिवस. मी बंगळूरला अडकलो होतो, जाऊ शकलो नाही. फोन करायचं धाडस झालं नाही मला. पण आईचं हृदय माझ्या हातात होतं. हे बघा. दुपारी, इथे, ही रेघ एकदम खाली आली. पान ठेवून ती परत आली असेल. घर रिकामं असेल. आणि नंतर, रात्री, ही बघा, ही थरथर. माझी आई तेव्हा एकटी रडत होती. तिने कुणाला सांगितलं नाही, पण मला कळलं. मी या रेघेसमोर दोन तास बसून होतो. मी तिच्यासोबत रडलो. लोक म्हणतात यंत्रं माणसांना दूर नेतात. मी त्या रात्री माझ्या आईच्या जितका जवळ होतो, तितका आयुष्यात कधी नव्हतो.”

त्याने डोळे पुसले. हॉलमध्ये रुमाल निघाले. मग टाळ्या, थांबेचनात.

सावित्रीच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गळून पडलं, ते तिचं तिला कळलं नाही. शेजारी प्रिस्काही हसायची थांबली होती. “वयनी,” ती हळूच म्हणाली, “नको. घर जाईल.”

घर जाईल, हे सावित्रीलाही कळत होतं. ती गप्प बसलीही असती. पण विनी माइक घेऊन धावत आली, तिला हाताला धरून मंचावर घेऊन गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका दाखवत चिवचिवली, “आणि हे लाइव्ह आहे, फ्रेंड्स! बघा, एवढ्या क्राउडसमोर उभ्या आहेत, तरी आजींचं हार्ट किती रिलॅक्स्ड! आजी, सांगा ना, त्या रात्री तुमच्या मनात काय चाललं होतं?”

सावित्रीचं हृदय त्या घटकेला कानांत वाजत होतं. तिने पदर मागे सारला आणि रिकामा हात वर केला.

“घड्याळ माझ्या हातात नाही,” ती म्हणाली. “घरी पडवीत आहे. राजेळीच्या लोंगराला बांधलेलं.”

लोक हसले. आजी विनोदी आहेत, असं त्यांना वाटलं. निमिषही हसला.

“गणपतीच्या आधीपासून तिथेच आहे. ही शांत रेघ केळ्यांची आहे. केळी शांतच असतात. पहाटे फिरतो तो लोंगर, वारा सुटला की झुलतो. तिथीच्या दुपारी मी त्याची फणी कापली, म्हणून रेघ खाली आली असेल. आणि रात्री थरथरलं ते वाघूळ.”

मागच्या रांगांतून हशा उसळला. एक डॉक्टर तर मांडीवर थाप मारून हसले. निमिषच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण त्यात जीव नव्हता. सावित्री थांबली नाही.

“माझ्या मनात काय होतं विचारलंस ना, बाळ? मी मोबाइलकडे बघत बसले होते. दुपारपासून. तो वाजला नाही. हा वाघळाबरोबर दोन तास बसला, रडला, आणि आईला एक फोन लावायला याला धाडस झालं नाही.”

हशा विझला. तो विझायला थोडा वेळ लागला, कारण मागच्यांना शेवटचं वाक्य उशिरा कळलं.

निमिष जवळ आला. तो दात आवळून हळूच बोलला, पण माइक चालूच होता. “आई, तू मला फसवलंस?”

“फसवलं. घरासाठी फसवलं. आणि तुला फसवायला केळं पुरलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.”

“तुला कळतंय का हे किती धोक्याचं आहे? तुला काही झालं असतं तर? माझ्याकडे तुझा एकसुद्धा खरा आकडा नाहीय! आता तर मी तुला तिथे एकटं राहू देणारच नाही.”

“खरा आकडा हवाय तुला?” सावित्रीने हात पुढे केला, मनगट वर करून. “हे घे. मोज.”

निमिषने इकडे तिकडे पाहिलं. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. त्याने आईचा हात धरला. आधी बोटं मनगटाच्या मधोमध ठेवली, मग करंगळीच्या बाजूला, मग अंगठ्याने दाबून पाहिलं. सवयीने त्याची नजर दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे गेली आणि तिथल्या हिरव्या ठिपक्यावरून शरमून परत आली. याने आपला हात असा शेवटचा कधी धरला होता, ते सावित्रीला आठवेना. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला.

पहिल्या रांगेतले एक डॉक्टर मदतीला उठले. “अहो, इथे बघा, जरा बाजूला—”

“तुम्ही बसा, डॉक्टर,” सावित्री म्हणाली. “त्याला शोधू दे.”

डॉक्टर बसले. निमिष शोधत राहिला.

“सापडली का नाडी?” तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. “नाही.”

“सापडेल तेव्हा सांग मला, मी कुठे राहायचं ते,” सावित्री म्हणाली. तिने आपला हात सोडवून घेतला, पदर सावरला आणि खाली उभ्या असलेल्या प्रिस्काला हाक मारली. “चल गं, रिक्षा बघ. आपण घरी जाऊ.”